हरवलेला खर्ज

वाचकहो, या सदरातून आजवर अभंगांविषयी लिहिले, नाट्यपदांविषयी लिहिले, जुन्या क्रमिक पुस्तकांविषयी तर पुष्कळच लिहिले. आज ज्या संगीताविषयी लिहावयाचे आहे त्याचे नाव काढताच आपल्यापैकी निम्म्या मंडळींचे हात कानांवर जातील, हे मी जाणून आहे. माझेही जात असत. परंतु गेल्या दिवाळीत आमच्या सोप्यात जो वाद झाला, तो ऐकल्यापासून माझे मन त्या विषयाभोवती घुटमळत राहिले आहे. आणि ज्या गोष्टीने स्वतःला विचारात पाडले ती वाचकांपासून लपवून ठेवणे सदरलेखकाला शोभत नाही.

माझा भाचा बंगळूरला नोकरीस असतो. पाडव्याच्या दिवशी तो आला तो एका हाती कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हाती देवघराच्या चौरंगाएवढी एक काळी पेटी घेऊन. पेटीत एकाच ध्वनिमुद्रिकेचा संसार भरला होता. सहा मोठ्या तबकड्या, अकरा सीडी, चार डीव्हीडी आणि वर एक जाडजूड सचित्र पुस्तक! चार मित्रांनी वर्गणी काढून ती घेतली होती आणि प्रत्येकाच्या घरी ती पाळीने राहावयाची होती. संध्याकाळी त्याचा येथला बालमित्र आला. फराळाची ताटली पुढे आली, कुंद्याचा पहिला घास घेऊन होतो न होतो तोच दोघांची जुंपली. विषय असा की, या पेटीत जे आहे ते असे का आहे, आणि जे असावयास हवे होते ते का नाही. हा हा म्हणता आवाज एवढे चढले की माझ्या भगिनीने स्वयंपाकघरातून येऊन विचारले, "वाटणीचा वाद आहे की काय?" भाचा म्हणाला, "नाही गं आई, न्यायाचा आहे."

ते उत्तर त्याने विनोदाने दिले नव्हते. ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील 'मेटॅलिका' या वाद्यवृंदाची, आणि तिचे नाव 'अँड जस्टिस फॉर ऑल', म्हणजे 'आणि सर्वांना न्याय'. अमेरिकन शाळांतून राष्ट्रध्वजासमोर म्हटल्या जाणाऱ्या प्रतिज्ञेचे हे अखेरचे शब्द. वेष्टनावर न्यायदेवतेचा पुतळा आहे. तिचे डोळे बांधलेले आहेतच, पण सर्वांगालाही दोर आवळलेले आहेत आणि तराजूची पारडी डॉलरच्या नोटांनी भरून वाहत आहेत. आत नऊ गीते, एकंदर वादन सुमारे पासष्ट मिनिटांचे. एका गीतात पृथ्वीच्या विनाशाचे भय आहे, एकात पैशापुढे वाकलेल्या कायद्याची चीड आहे. 'वन' हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गीत. हात, पाय, दृष्टी, श्रवण आणि वाणी गमावून केवळ जिवंत राहिलेल्या एका सैनिकाचे ते आक्रंदन आहे. डाल्टन ट्रम्बो या लेखकाच्या १९३९ सालच्या युद्धविरोधी कादंबरीवरून ते सुचले. हे सारे समजल्यावर, या संगीतात नुसता धिंगाणा असतो हे माझे मत मी निमूटपणे मागे घेतले.

आता वादाचे मूळ. हा वाद्यवृंद १९८१ साली लॉस एंजेलिस येथे जन्मास आला. डेन्मार्कहून आलेला ढोलवादक लार्स उल्रिक आणि गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड हे त्याचे दोन खांब. बास गिटार, म्हणजे खर्जातील स्वर देणारी जाड तारांची गिटार, वाजविणारा क्लिफ बर्टन हा असामान्य प्रतिभेचा तरुण होता. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये पहाटेच्या वेळी त्यांची प्रवासी बस उलटली आणि बर्टन जागीच गेला. वय अवघे चोवीस. महिनाभरात त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड हा दुसरा तरुण आला. तो स्वतः या मंडळींचा निस्सीम चाहता. ज्यांची गाणी ऐकत वाढलो त्यांच्याच शेजारी उभे राहून वाजवावयाचे, आणि तेही ज्याच्या आठवणीने सर्वांचे डोळे अजून ओले आहेत अशा माणसाच्या जागी! घरातील मृत मुलाच्या खोलीत राहावयास आलेल्या पाहुण्याची जी अवस्था, तीच न्यूस्टेडची झाली असावी. सहकाऱ्यांनी त्याची थट्टाही पुष्कळ केली. दुःखाला वाट सापडली नाही की ते रागाच्या रूपाने दुसऱ्यावर निघते, हे आपणही पाहतोच.

'जस्टिस' ही त्याच्या सहभागाची पहिली संपूर्ण ध्वनिमुद्रिका. १९८८ च्या पूर्वार्धात तिचे ध्वनिमुद्रण झाले, डेन्मार्कचा फ्लेमिंग रासमुसेन निर्माता होता. पहिल्याच गीताच्या रचनेत न्यूस्टेडचा वाटा आहे आणि त्याचे नाव तेथे छापलेले आहे. पण ध्वनिमुद्रिका बाहेर पडली तेव्हा रसिकांच्या लक्षात आले की, त्याची बास गिटार तीत जवळजवळ ऐकूच येत नाही. नाव वेष्टनावर आहे, बोटे तारांवर फिरलेली आहेत, पण सूर नाही! ज्यांनी हे संगीत कधी ऐकले नाही त्यांना कळावे म्हणून सांगतो : तबल्याच्या जोडीतील डग्गा कोणी काढून घ्यावा आणि वादन नुसत्या चाटीवर चालावे, तसे ते आहे. बोल कळतात, लय कळते, वेग तर अंगावर येतो, पण ज्या घुमाऱ्यावर मन टेकावे तो घुमाराच नाही.

असे का झाले, याची कारणे निरनिराळ्या तोंडून निरनिराळी आली आहेत. प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित करून नंतर त्यांचे परस्परप्रमाण ठरविणे, याला मिक्सिंग म्हणतात. हे काम न्यूयॉर्क राज्यात बेअर्सव्हिल येथे स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो या दोघांकडे होते. बासचा आवाज उतरविण्याची सूचना उल्रिकनेच केली आणि आपण ती नाखुशीने पाळली, असे थॉम्पसनने २०१५ साली सांगितले. हेटफील्डने दुसरी बाजू मांडली आहे. त्या उन्हाळ्यात त्यांचे मोठमोठ्या मैदानांवर कार्यक्रम चालू होते, मधल्या दिवसांत धावतपळत येऊन मिश्रण ऐकावयाचे, आणि प्रचंड आवाजाने थकलेल्या कानांना काय कमी काय जास्त हेच उमगेनासे झाले होते. तिसरे कारण शास्त्रीय आहे. न्यूस्टेड बहुतेक ठिकाणी गिटारचीच चाल तंतोतंत वाजवीत होता आणि हेटफील्डच्या गिटारचा स्वरही खालच्या पट्टीत भरगच्च होता. दोन माणसे एकाच खुर्चीवर बसू लागली की जो दुबळा असेल तो खाली पडतो. आणि चौथे, न बोललेले कारण काही रसिक सांगतात : बर्टनची जागा रिकामीच राहावी, ही सर्वांच्या मनातील अबोध इच्छा. हे शेवटचे कोणी सिद्ध करू शकणार नाही, आणि कोणी खोडूनही काढू शकणार नाही.

गंमत अशी की, या उणिवेसह ध्वनिमुद्रिका अफाट खपली. एकट्या अमेरिकेत तिचा खप ऐंशी लाखांच्या घरात गेला. १९८९ च्या ग्रॅमी समारंभात या प्रकारच्या संगीताला प्रथमच पारितोषिक ठेवले गेले आणि ते 'जेथ्रो टल' या दुसऱ्याच वाद्यवृंदाला मिळाले तेव्हा मोठा गहजब झाला. पुढच्या वर्षी 'वन'ला ग्रॅमी मिळून त्याची भरपाई झाली. १९९१ साली बॉब रॉक या नव्या निर्मात्याच्या हाताखाली पुढची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात बास गिटार खणखणीत ऐकू आली आणि तिने विक्रीचे सारे उच्चांक मोडले. न्यूस्टेड २००१ साली वाद्यवृंदातून बाहेर पडला. पण 'जस्टिस'चा तो मुका खर्ज रसिकांच्या मनात ठसठसतच राहिला.

म्हणून २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिची तिसाव्या वर्षाची शाही आवृत्ती निघाली, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी कान टवकारले. आता तरी न्याय मिळणार! पण प्रकाशकांनी केले ते रीमास्टर, रीमिक्स नव्हे. हा फरक मला भाच्याने समजावून दिला, तो माझ्या भाषेत सांगतो. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवून पान तयार होत असे. त्याच जुळलेल्या पानावरून चांगल्या कागदावर, ताज्या शाईने, पुन्हा सुबक छपाई करणे म्हणजे रीमास्टर. पान मोडून खिळे नव्याने जुळविणे म्हणजे रीमिक्स. पहिल्याने अक्षर स्वच्छ होते, पण गळलेला शब्द परत येत नाही. पेटीत कच्चे नमुने आले, घरगुती फितींवरील चालींचे तुकडे आले, १९८९ च्या सिअ‍ॅटल येथील कार्यक्रमाचे मुद्रण आले. पण मूळ नऊ गीतांतील न्यूस्टेडचा आवाज होता तेथेच राहिला. हेटफील्डची भूमिका थोडक्यात अशी की, त्या ध्वनिमुद्रिका म्हणजे त्या त्या काळच्या आमची छायाचित्रे आहेत, खर्ज थोडा अधिक हवा होता हे कबूल, पण छायाचित्र बदलून काय साधणार?

येथूनच माझ्या सोप्यातील वाद पेटला होता. भाच्याचे म्हणणे, "मामा, न्यूस्टेडने वाजवलेले सगळे मूळ फितीवर आहे. कोणी नव्याने काही घालायचे नाही, जे दाबून ठेवले आहे ते फक्त वर काढायचे आहे. करणारे स्वतः चूक मान्य करतात, साधने हाताशी आहेत, मग अडते कुठे? शाही आवृत्ती म्हणून एवढे पैसे घ्यायचे आणि मुख्य दोष तसाच ठेवायचा?" काही हौशी चाहत्यांनी तर घरच्या संगणकावर बासचा आवाज वाढवून आपापल्या आवृत्त्या तयार केल्या आणि त्यांना 'अँड जस्टिस फॉर जेसन' असे नाव दिले. त्या त्याने मला ऐकविल्या. खरे सांगतो, माझ्या अडाणी कानालाही त्या अधिक भरदार वाटल्या.

मित्राचे मत अगदी उलट. "काका, ती ध्वनिमुद्रिका कोरडी आहे, बोचरी आहे, म्हणूनच ती आहे. अन्याय, युद्ध, वेड यांची गाणी ती. तिला गुबगुबीत उशी कशाला? एवढ्या लोकांनी तीच ऐकली, तिच्यावरूनच पुढचे वाजवायला शिकले. आज खर्ज वाढवला, उद्या कोणी म्हणेल ढोल फार टकटक करतो, परवा म्हणेल गाणी फार लांबली. मग उरले काय?" आणि त्याने एक दाखला दिला, त्यावर भाचाही क्षणभर गप्प झाला. ऑझी ऑस्बोर्न या गायकाच्या १९८० आणि १९८१ सालच्या दोन गाजलेल्या ध्वनिमुद्रिका २००२ साली पुन्हा निघाल्या, तेव्हा बॉब डेझ्ली आणि ली कर्स्लेक या मूळ बास आणि ढोलवादकांचे वादन पुसून तेथे नव्या वादकांचे वादन बसविण्यात आले. त्या दोघांशी मानधनावरून न्यायालयात वाद चालू होता. चाहत्यांनी एवढा संताप व्यक्त केला की २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आणावे लागले. आणि त्या वेळी नवा बास वाजविणारा कोण? रॉबर्ट ट्रुहियो, जो २००३ पासून 'मेटॅलिका'त न्यूस्टेडच्या जागी आहे! दुरुस्तीच्या दरवाजाने न्यायही आत येतो आणि सूडही आत येतो. दरवाजा उघडताना कोण येणार हे ठाऊक नसते.

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मुख्याध्यापकाच्या घरी वाद केला की निकाल मागण्याची सवय मुलांना शाळेपासूनच असते. मी मराठीचा विद्यार्थी. मला आठवले ते नाथमहाराज. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यानंतर सुमारे तीनशे वर्षांत नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले, पदरच्या ओव्या शिरल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये निरनिराळ्या पोथ्या ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. स्वतः एवढे मोठे कवी असून त्यांनी ज्ञानदेवांना सुधारण्याचा मोह धरला नाही. जे मूळचे नव्हते ते काढले, जे मूळचे होते ते जागी बसविले. शुद्ध करणे आणि सुधारणे या दोहोंतील ही रेघ फार बारीक आहे, पण ती आहे.

आता न्यूस्टेडचा सूर या रेघेच्या कोणत्या बाजूला? भाचा म्हणेल, तो मूळ पोथीतील गळलेली ओवी आहे, जागी बसवा. मित्र म्हणेल, ती गळलेली नाही, खुद्द कर्त्यांनीच खोडलेली आहे, आणि कर्त्याची खोडही मूळ संहितेचाच भाग असते. दोघेही बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा वाद इतकी वर्षे मिटलेला नाही. ज्या वादात एक बाजू मूर्ख असते तो वाद लवकर संपतो.

निकाल देण्याऐवजी मी त्यांना माझीच एक जुनी चूक सांगितली, ती आपल्यालाही सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेच्या एका उत्सवानिमित्त स्मरणिका काढली, तिचा संपादक मी. शाळेचा इतिहास आमच्या एका ज्येष्ठ सहशिक्षकांनी खेड्यापाड्यांतून जुन्या विद्यार्थ्यांना भेटून, दफ्तरे चाळून जमविला होता. पाने वाढली, घाई झाली, आणि त्यांचा मजकूर मी माझ्या संपादकीयात मिसळून टाकला. नावाची ओळ जागेअभावी गेली, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या गृहस्थांनी अंक हाती घेतला, पाने उलटली, "छपाई छान झाली आहे," एवढेच म्हणाले आणि वर्गावर गेले. ते वाक्य मला आजही ऐकू येते. पुढे स्मरणिकेचे पुनर्मुद्रण ठरले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. म्हटले, "गुरुजी, आता संपादकीय पुन्हा लिहितो, सर्वत्र तुमचे नाव घालतो." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा वाईट वाटले होते, आता खोटे कशाला बोलू? पण जुन्या प्रती घरोघरी आहेत, त्या तुम्ही कशा बदलणार? ते पान असू द्या. माझी वही माझ्याकडे आहे. ती शेवटी जशीच्या तशी छापा. कोणी काय केले ते वाचणारे पाहतील." आम्ही तसेच केले. मूळ पान माझ्या चुकीसह राहिले आणि पाठीमागे त्यांची वही त्यांच्या नावानिशी आली. मी मात्र त्याआधी एक ओळ जोडली, आणि ती लिहिताना जेवढा वेळ लागला तेवढा मला कोणतेही संपादकीय लिहिताना लागलेला नाही.

म्हणून मुलांनो, माझे मत एवढेच : मूळ ध्वनिमुद्रिका मोडू नये, कारण ती आता केवळ कर्त्यांची राहिलेली नाही, ऐकणाऱ्यांचीही झाली आहे. पण ज्या पेटीत कच्च्या फिती, चालींचे तुकडे आणि अकरा सीडी मावल्या, तीत न्यूस्टेडचा सूर स्पष्ट ऐकू येईल अशी आणखी एक तबकडी मावली नसती काय? मूळ संहिता वर आणि पाठभेद खाली, ही चांगल्या संपादनाची रीत आहे. इंग्लंडमधील 'बीटल्स'च्या 'सार्जंट पेपर'चे २०१७ साली नवे मिश्रण झाले, तरी जुने मिश्रण कोणी रद्द केले नाही. मोठ्या तबकडीला मोठ्या मनाची जोड मिळाली असती, तर पेटीवरील नाव अधिक खरे ठरले असते.

यावर दोघेही खूष झाले नाहीत. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही दोघांनाही निम्मे निम्मे गुण दिलेत." ते खरे आहे. पण रात्री निजण्यापूर्वी त्याने मला एक गोष्ट ऐकवली. २०११ साली 'मेटॅलिका' भारतात आली होती. गुरुग्रामचा कार्यक्रम रद्द झाला, पण ३० ऑक्टोबर रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवरचा झाला. भाऊबीज आटोपताच हे दोघे मित्र रात्रीच्या बसने बेळगावहून निघाले होते, घरी "अभ्यासासाठी जातो" असे सांगून. चिखलात उभे राहून त्यांनी तो कार्यक्रम ऐकला. "मामा," तो म्हणाला, "तिथे खर्ज छातीत वाजत होता. कानांनी ऐकावा लागत नव्हता. तेव्हा पहिल्यांदा कळले की तीस वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचे काय गेले असेल."

मी दिवा मालवला. अंधारात माझ्या डोळ्यांपुढे ते सहशिक्षक उभे राहिले, स्मरणिकेची पाने उलटणारे. आपल्या प्रत्येकाच्या घरात, कचेरीत, शाळेत असा एक तरी माणूस असतो, ज्याच्या आधारावर साऱ्यांचे गाणे उभे असते आणि ज्याचा सूर कोणाला वेगळा ऐकू येत नाही. वाचकहो, त्याची तिसाव्या वर्षाची आवृत्ती निघण्याची वाट पाहू नका. तो समोर आहे तोवरच त्याचा आवाज थोडा वाढवा.